माठाइतकं गार

बाईंना 'बरं आहे' असं सांगून भागत नसे. सकाळी मी लॅबचं कुलूप काढत असताना त्या मागून यायच्या आणि विचारायच्या, "काय गं, कसं हाय?" मी सवयीनं म्हणायची, "बरं आहे." झालं! "किती बरं? कालच्यापेक्षा का परवाच्यापेक्षा? अन् कशावरून?" आता मला सांगा, सकाळच्या ख्यालीखुशालीला कुणी पुरावा मागतं का? बाई मागायच्या. पहिल्या महिन्यात मी घरी जाऊन नवऱ्याला रोज ऐकवायची की या बाईच्या हाताखाली मी काही दिवाळी बघत नाही. नऊ दिवाळ्या बघितल्या.

अंबाजोगाईत एका ट्रस्टच्या दवाखान्यामागं दोन खोल्या होत्या, पूर्वी तिथं दवाखान्याच्या चादरी धुवायचे. तिथंच बाईंची लॅब. बाई सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर. आयुष्यभर मोठ्या शहरात शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर माणसं बंगला बांधतात तशी त्यांनी ही लॅब उभी केली. मूळच्या तेलगावकडच्या, ऊस-कापसाच्या घरातल्या. फोनवर पुण्याच्या लोकांशी असं खणखणीत इंग्रजी बोलायच्या की मी हातातलं काम थांबवून ऐकत बसायची, आणि फोन ठेवला की लगेच, "लई डोस्कं खाल्लं बे यांनी." हे 'बे' आमच्याकडं गडीमाणसं आपसात वापरतात. बाईंना त्याची पर्वा नव्हती. ट्रस्टच्या अध्यक्षांनाही त्या एकदा "गप बस बे जरा, मोजू दे" म्हणाल्या होत्या, आणि ते बिचारे गप बसले होते.

सुती पातळ, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याला पिशवी. पिशवीत शेंगदाणे, वही आणि थर्मामीटर. हा थर्मामीटर ताप बघायचा नव्हे, लांबलचक काचेचा. टपरीवरच्या चहात बुडवायच्या, जीपच्या सीटवर ठेवायच्या, एकदा तर देवळाच्या फरशीवर ठेवला. लोक पाया पडताहेत आणि बाई फरशीला ताप आहे का बघताहेत! मी म्हटलं, "बाई, चला, लोक हसतायत." तर म्हणाल्या, "हसू दे. पाय भाजले म्हणून सगळे वरडतेत, किती भाजले ते एकाला बी ठावं न्हाई."

बाईंचं काम काय, हे मी माझ्या सासूला समजावलं तेव्हा मलाच नीट समजलं. एचआयव्हीचा विषाणू अंगात शिरला की शरीरातल्या काही पेशी त्याच्याशी झुंजतात. बहुतेकांच्या पेशी हरतात, म्हणून रोजची गोळी लागते. पण हजारात एखादं माणूस असं निघतं की औषधाशिवायही वर्षानुवर्षं त्याच्या पेशी विषाणूला डोकं वर काढू देत नाहीत. त्या पेशी किती जोरानं रोखतात, हे बाईंना मोजायचं होतं. पेशी किती आहेत ते नाही, किती रोखतात ते. या दोन गोष्टींत घोळ केला की बाईंचा पारा चढलाच म्हणून समजा.

"ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो का न्हाई?" बाई म्हणायच्या. "हे मोठ्या लॅबवाले काय करतेत? राखणदार किती बसले ते मोजतेत. अगं, दहा बसले अन् दहाही झोपले, तर? पाखरांनी कणसं किती खाल्ली अन् किती वाचली ते मोज. तवा कळंल कोण राखतंय."

तर आम्ही असं करायचो. माणसाचं रक्त एका दाट द्रावणावर हळूच, अगदी श्वास रोखून सोडायचं. मग ते यंत्रात फिरवायचं. फिरलं की मधोमध दुधाच्या सायीसारखा पांढरट थर धरतो, त्या सायीत या पेशी असतात. साय उचलायची, धुवायची, निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. मेलेली पेशी निळी होते, जिवंत रंग घेत नाही. मग त्या जिवंत पेशी सकाळच्या गाडीनं पुण्याला. विषाणूचं काम तिथल्या बंदिस्त प्रयोगशाळेत चाले, आमच्या धुण्याच्या खोलीत ते शक्यच नव्हतं. तिथं त्याच माणसाच्या दुसऱ्या पेशींना विषाणूची लागण करायची, राखणाऱ्या पेशी त्यांत सोडायच्या, आणि काही दिवसांनी बघायचं की विषाणू किती वाढला. राखणाऱ्या पेशी घातल्या नसत्या तर किती वाढला असता, तेही शेजारच्या भांड्यात बघायचं. या दोन्हींतला फरक म्हणजे आमचा आकडा.

हीच फूटपट्टी बाई सगळीकडं लावायच्या. माझ्या नणंदेच्या लग्नात माझे सासरे मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "मॅडम, किती लोक जेवून गेले बघा!" बाई म्हणाल्या, "जेवाया बसलेले नका सांगू. दुसऱ्यांदा वरण किती जणांनी मागितलं?" सासरे आजतागायत ते विसरले नाहीत.

आणि एकदा एक पुढारी आले होते. साथीनंतरचे दिवस, जो तो आपली प्रतिकारशक्ती सांगत फिरायचा. यांनी कुठल्याशा मोठ्या लॅबमधून रिपोर्ट करून आणला होता, प्लॅस्टिकमध्ये घालून. बरोबर चार कार्यकर्ते. "बघा मॅडम, आपल्या पेशी जिल्ह्यात एक नंबर! तुमच्या लॅबचा बी एक कागद द्या, सभेत दाखवतो." बाईंनी रिपोर्ट वाचला. "राखणदार किती ते कळलं. जागे किती हायत?" पुढाऱ्यांना काही उमजेना. बाई म्हणाल्या, "मोजून देते की. चार नळ्या रगत लागंल. अन् आकडा जो येईल तो मी बाहेर पाटीवर लिवणार. चांगला आला तरी, वंगाळ आला तरी. चाललं का?" पुढाऱ्यांना एकदम एक मयत आठवली. पाच मिनिटांत जीप गेली. बाई शेंगदाणे खात म्हणाल्या, "चाललं असतं तर मजा आली असती बे."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण एका ठिकाणी बाईंना हसू चालत नसे, ते म्हणजे सोजरबाईचं घर.

तिचं नाव सोजरबाई नव्हतं. खरं नाव मी लिहिणार नाही, एवढं बाईंनी मला शिकवलंय. सिरसाळ्याच्या पुढं धनगरांची एक वस्ती आहे, तिथं ती शेरडं राखून एकटीच राहायची. नवरा त्या आजारानं गेला होता. तिच्याही रक्तात विषाणू होता, पण कधी अंग कणकणलं नाही की वजन उतरलं नाही, आणि रक्तात विषाणू मोजण्याइतका सापडायचा नाही. हजारातली एक म्हणतात ती हीच. बाईंचं इतक्या वर्षांचं काम या एका बाईच्या दंडातल्या शिरेवर उभं होतं.

दर तीन महिन्यांनी आम्ही तिच्याकडं जायचो. वस्तीला संशय येऊ नये म्हणून बाईंनी काय सोंग काढलं असेल? शेरडं विकत घेण्याचं! जीपमधून उतरल्या की आधी अर्धा तास गोठ्यात. शेळीचे दात बघायच्या, कास बघायच्या, "हिला खोकला हाय", "ही लंगडती" अशी नावं ठेवायच्या, घासाघीस करायच्या, आणि मग "घरात बसून बोलू" म्हणून आत. आत मी सुई काढायची. बाहेर आलो की बाई मोठ्यानं, "न्हाई जमत सोजरे, लई चढं सांगतीस." वस्तीतल्या बायका आम्हाला बघून तोंडाला पदर लावायच्या. "आली गं ती चिक्कू डाक्टरीण. इतकी वरसं झाली, एक पाट घेतली न्हाई बयेनं."

आत बसल्यावर मात्र दर खेपेला एकच संवाद. बाई म्हणायच्या, "सोजरे, गोळी सुरू कर. सरकारी सेंटरला फुकट मिळती. आज तुझं अंग झुंजतंय, उद्याचं मला ठावं न्हाई." आणि सोजरबाई म्हणायची, "न्हाई आक्का. माज्या मालकानं गोळी घेतली अन् पंधरा दिसांत गेला. मी घेणार न्हाई." बाई समजावायच्या की त्याला फार उशीर झाला होता, गोळीनं नाही, आजारानं गेला. ती ऐकून घ्यायची, चहा टाकायची, आणि मान हलवायची. पुण्याचे लोक मात्र बाईंना फोनवर सांगायचे की एवढी घाई कशाला, असं माणूस मिळत नाही, अजून काही वर्षं मोजू या. एकदा बाईंनी त्यांना मराठीतच विचारलं, "तुमच्या घरची असती तर?" पलीकडून फोन ठेवला गेला.

आता माझ्या पापाकडं येते.

बाईंची एक पेटी होती. लाकडी खोकं, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलेलं, आत लोकरी मोज्यांत रक्ताच्या नळ्या, आणि झाकणातून डोकं बाहेर काढलेला तो थर्मामीटर. जिवंत पेशींना ऊन सोसत नाही, हे कुणालाही कळतं. पण त्यांना बर्फही सोसत नाही, हे पटकन पचनी पडत नाही. बर्फात ठेवलेल्या रक्तातल्या पेशी दिसतात धडधाकट, निळ्याही होत नाहीत, पण त्यांच्या अंगातला जोर जातो. "माठातल्या पाण्याइतकं गार," बाई बजावायच्या. "बर्फ न्हाई, अन् चहा तर न्हाईच." गोणपाटावर दर अर्ध्या तासानं पाणी शिंपडायचं. आमच्या कोरड्या हवेत त्या गोणपाटानं कधी दगा दिला नाही.

एका एप्रिलात बाईंचा पाय मुरगळला आणि मी एकटी गेले. शेरडांची घासाघीस मला काही जमली नाही, पण रक्त काढलं, पेटीत ठेवलं, निघाले. सिरसाळ्याच्या थोडं अलीकडं जीप बंद पडली. ऊन म्हणजे नुसता जाळ. दोन तास रस्त्याच्या कडेला. बाटलीतलं पाणी संपलं, गोणपाट वाळून कडक झालं, आणि थर्मामीटरचा पारा माझ्या डोळ्यांदेखत चढायला लागला. शेवटी एका टेम्पोनं सिरसाळ्यापर्यंत सोडलं. समोर थंड पेयांचं दुकान दिसलं.

बाईंकडं यायच्या आधी मी दहा वर्षं उपकेंद्रांतून लसी वाहिल्या होत्या. खांद्याला डबा, डब्यात बर्फ. लस तापली की साहेबांची बोलणी खावी लागायची. तेच माझ्या हाडीमांसी खिळलेलं. दवाखान्याची वस्तू, वर ऊन, म्हणजे बर्फ! डोक्यानं विचार करायच्या आत हातानं काम केलं. दोन पिशव्या बर्फ घेतला आणि नळ्यांच्या चहूबाजूंनी ठासून भरला. दुसऱ्या गाडीनं निम्म्या वाटेवर आल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. बर्फ काढून रस्त्यावर फेकला, नळ्या पदरानं पुसल्या, पेटी कोरडी केली.

लॅबमध्ये पेशी मोजल्या. निळ्या जवळपास नाहीतच. सगळ्या जिवंत! मी स्वतःचीच समजूत काढली की काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशी पुण्याला गेल्या.

आठवड्यानं आकडा आला. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. सोजरबाईच्या पेशींनी या वेळी विषाणूला जवळजवळ मोकळं सोडलं होतं. दोन्ही भांड्यांत फरकच उरला नव्हता. बाईंनी मला विचारलं, "वाटंत काही झालं का गं?" मी म्हटलं, "नाही बाई. जीप बंद पडली तेवढंच. पाणी शिंपडत होते." थुः माझ्या जिनगानीवर! इतकं सरळ खोटं मी नवऱ्याशीसुद्धा बोलले नसेन.

दुसऱ्याच दिवशी लंगडत बाई वस्तीवर गेल्या, मला घेऊन. शेरडांकडं बघितलंही नाही. आत बसून म्हणाल्या, "सोजरे, तुझं अंग थकलं. या वेळचा आकडा वाईट हाय." सोजरबाईनं चहाचं आधण चुलीवरून उतरवलं. मग म्हणाली, "तू आजवर माज्याशी खोटं बोलली न्हाईस आक्का." आणि चहा गाळता गाळता, "सोमवारी येते सेंटरला. घेते गोळी."

इतकी वर्षं जे होत नव्हतं ते झालं होतं. जीपमध्ये बाई खूश होत्या, शेंगदाण्यांची अख्खी पुडी संपवली. मला दिलेले दाणे मी तसेच मुठीत धरून बसले.

तीन दिवस मी ते पोटात ठेवलं. मनात रोज तोच झगडा. एक मन म्हणे, अगं, चांगलंच झालं ना! बाई जगेल. तुझ्या चुकीनं एखादीचा जीव वाचत असेल तर तोंड उघडायला तुला काय कुत्रं चावलंय? दुसरं मन काही म्हणत नव्हतं, नुसतं टोचत होतं. शनिवारी दुपारी बाई त्या आकड्यावर वहीत काहीतरी लिहीत होत्या, आणि मी दारातच उभी राहून भडाभडा सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, ओरडतील, हाकलून देतील. बाईंनी वहीचं नवं पान काढलं. "किती बर्फ? नळ्यांना टेकला व्हता का? किती वेळ?" एकेक विचारून लिहून घेतलं, तारीख टाकली. मग उठल्या, बूट घातले. "चल."

"कुठं?"

"सोजरीकडं."

मी त्यांचा हातच धरला. "बाई, पाया पडते तुमच्या. मला काढून टाका, पण तिला सांगू नका. परवा सोमवार आहे. ती गोळी घेणार आहे! तुम्हालाही तेच हवंय ना? गप राहा की."

"हवंय," बाई म्हणाल्या. "लई हवंय. पण उद्या ती गोळी सोडाया निघाली, अन् मी परत आकडा घेऊन गेले, तर ती का म्हून ऐकंल? माझ्यापाशी दुसरं काय हाय तिला द्यायला? तेवढा एक खरा आकडा."

"अहो, पण ती मेली तर?"

बाई दारात थांबल्या. "तर ते माझ्या डोस्क्यावर. चल."

वस्तीवर पोचलो तर सोजरबाई एका शेळीच्या खुरातला काटा काढत होती. बाईंनी मलाच बोलायला लावलं. "हिनं केलंय, ही सांगंल." मी मान खाली घालून सगळं सांगितलं. जीप, ऊन, सिरसाळ्याचं दुकान, दोन पिशव्या. सोजरबाईनं ऐकलं आणि खो खो हसत सुटली. "अगं बया! माजं रगात बर्फात घातलं व्हय? मासळीवानी?" हसता हसता डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "म्हंजी माजं अंग थकलं न्हाई."

"ठावं न्हाई," बाई म्हणाल्या. "परत मोजावं लागंल."

"मंग मोज. पर सोमवारचं राहू दे. गोळी न्हाई."

परतताना मी जीपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला होता. हातातोंडाशी आलेला घास घालवला, आणि कशासाठी, तर वहीतल्या एका ओळीसाठी! मी मनातल्या मनात म्हटलं, या बाईला माणसं दिसत नाहीत, पेशी दिसतात. त्या मात्र मांडीवर ती पेटी घेऊन ताठ बसल्या होत्या. रक्त त्यांनी त्याच दिवशी काढून घेतलं होतं, स्वतःच्या हातानं. मुरगळलेला पाय सुजून बुटाबाहेर आला होता, तरी सगळा रस्ता गोणपाटावर पाणी शिंपडत होत्या. पारा एका जागी बसला होता.

तो आठवडा बाई रोज फोनपाशी. पुण्यातून कुणी आकडा तोंडी सांगायला लागलं की म्हणायच्या, "अर्धवट नको. पूर्ण झालं की कागद पाठवा." कागद आला. सोजरबाईच्या पेशींनी पहिल्यासारखंच विषाणूला जागचं हलू दिलं नव्हतं. बर्फानं ज्यांना मारलं नव्हतं पण लुळं केलं होतं, त्या तिच्या पेशी मुळात ठणठणीत होत्या. मी म्हटलं, संपलं. आता ब्रह्मदेव आला तरी ही बाई गोळी घेत नाही.

बाईंनी कागद पिशवीत घातला आणि आम्ही निघालो.

सोजरबाई उंबऱ्यात बसली होती. "आला का आकडा?"

"आला. तुझं अंग झुंजतंय. पहिल्याइतकंच. तसूभर कमी न्हाई."

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. खुशी अशी दिसली नाही. ती म्हणाली, "मंग आता तुजं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं पहिल्या दिसापासून हाय तेच. गोळी घे. आज झुंजतंय. किती दिवस झुंजंल ते मला मोजता येत न्हाई, कुणालाच येत न्हाई."

"मी गोळी घेतली तर तुजं ते मोजायचं काम?"

"बंद पडंल."

"समदं?"

"समदं."

सोजरबाईनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "मागल्या बारीला मी कबूल झालते. तू गप बसली असतीस तर मी सोमवारी आलेच असते. मंग उन्हातान्हाचं लंगडत सांगाया का म्हून आलीस?"

बाई म्हणाल्या, "रगत तुझं. आकडा तुझा. मी कोण लपवणारी?"

मग सोजरबाई बोलली ते मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "माज्या मालकाला कुणी सांगितलंच न्हाई. दवाखान्यात गोळी दिली, म्हणले, ताकदीची हाय. तो मरस्तोवर इचारत व्हता, सोजरे, मला झालं तरी काय. मला बी ठावं न्हवतं. तो गेल्यावर माजं रगात तपासलं, तवा कळलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गोळीचं भ्या न्हाई आक्का मला. खोटं बोलून गिळाया लावतेत, त्याचं भ्या हाय. खरं सांगाया दुसऱ्या बारीला दारात आलेलं माणूस मी अजून बघितलं न्हवतं. चल कुठं यायचं ते. घेते."

मी तिथंच रडायला लागले. जीपमध्ये ज्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, तिच्याकडं बघायची मला लाज वाटत होती. बाई म्हणाल्या, "रडतीस काय, जीप वळवाया सांग. सेंटर बंद व्हईल."

सेंटरला तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी बसवून सगळं समजावलं, गोळ्यांची बाटली मिळाली. संध्याकाळी घरी येऊन सोजरबाईनं पहिली गोळी हातावर घेतली. घेतली खरी, पण तोंडात टाकेना. "पंधरा दिस," ती हळूच म्हणाली. "पंधरा दिस गेले म्हंजी झालं."

बाईंनी मला खुणावलं, तू जा. आणि पिशवीतून एक चादर काढून तिच्या घरात अंथरली. आधीच घेऊन आल्या होत्या!

पंधरा दिवस बाई त्या वस्तीवर राहिल्या. लॅब बंद, पुण्याचे फोन मी घ्यायची. वस्तीत बातमी अशी की चिक्कू डाक्टरणीनं एकदाचं शेरडं घ्यायचं मनावर घेतलंय, म्हणून नीट पारखायला मुक्कामच ठोकलाय. मी मध्ये एकदा भाकरी-ठेचा घेऊन गेले तर बाई शेरडांमागं रानात, सोजरबाई पुढं. दोघी कशावरून तरी भांडत होत्या. सोजरबाईला दोन दिवस मळमळलं होतं आणि तिनं बाईंना रात्रभर झोपू दिलं नव्हतं, एवढंच कळलं.

सोळाव्या दिवशी सकाळी मी जीप घेऊन गेले. घराला बाहेरून कुलूप. गोठा रिकामा. हाका मारत मी घराला वळसा घातला. बघते तर घरामागच्या बाभळीखाली बाई दगडावर बसलेल्या, मांडीवर पिशवी, शेजारी घडी केलेली चादर.

"बाई! सोजरबाई कुठाय?"

"रानात गेली," बाई म्हणाल्या. "तांबडं फुटायच्या आत मला हलवून उठवलं. म्हणली, ऊठ आक्का, सोळावा दिस उजाडला, आता तुजी काय गरज न्हाई. चहा बी न्हाई केला बयेनं. म्हणली, कुलूप लावायचंय, भाईर हो, माजी शेरडं खोळंबलीत."